पट्टा शाबूत, शिवण गेली: एका लूपचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा फोन आला. "ताई, पडलो." आवाजात हसू होतं, म्हणून मी घाबरले नाही. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीत, पडल्या पडल्या एका बाजूने खाली आला होता. उंची जेमतेम दीड फूट, खाली फणसाचा पाचोळा, त्यामुळे माकडहाड दुखण्यापलीकडे काही झालं नाही. पण पुढचं वाक्य मला लागलं. "पट्टा तुटला नाही गं, शिवण उसवली. तू सांगितलीस तशीच शिवली होती."

सांगितली होती, हे खरं. आदल्या उन्हाळ्यात त्याने विचारलं, पट्टीला लूप कसा शिवू? मी भाजी चिरता चिरता फोनवर म्हटलं, "टोक दुमड, चौकोन मार, आत फुली मार, झालं." ट्रेकच्या सॅका आणि तंबू दुरुस्त करून देणं हे माझं गेल्या काही वर्षांचं काम आहे. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला चौकोन-फुली चालते, म्हणून तोंडातून तेच निघालं. माणसाचं अख्खं वजन धरणाऱ्या लूपला ते चालेल का, हा विचार मी तेव्हा केला नव्हता. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे.

मावशीचं घर गुहागर तालुक्यात. परसात एक रायवळ आंबा आणि एक फणस, दोघांमध्ये साडेचार मीटर अंतर. (माडाला हॅमॉक बांधू नये. पट्टा धरेल, नारळ धरणार नाही.) पट्ट्याचं एक टोक खोडाला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला शिवलेला लूप, लूपमध्ये आडवा लाकडी दांडका आणि दांडक्याला हॅमॉकची दोरी. मावशीला हा प्रकार पहिल्यापासून नापसंत. "घरात नवारीची बाज आहे, ती सोडून झाडाला कशाला टांगून घेतोस?"

मी त्याला म्हटलं, काही धुऊ नकोस, काही कापू नकोस, दोन्ही पट्टे आहेत तसे कुरियर कर.

टेबलावरचा पंचनामा

पाकीट उघडलं आणि आधी नाकालाच कळलं. कुबट वास. दोरा सुती होता, मोच्याकडून आणलेला मेणदोरा, जाड आणि दिसायला दणकट. त्याच्यावर काळे ठिपके धरले होते. नखाने ओढला तर जुन्या सुतळीसारखा सुटा झाला. हॅमॉक त्याने जूनमध्ये घरात घेतला होता, पण पट्टे मात्र पूर्ण पावसाळा झाडावरच राहिले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने ओला राहिलेला सूत कुजणारच. मेण पाणी थोडं लांब ठेवतं, बुरशीला ते अडवत नाही.

पण न तुटलेल्या पट्ट्यावरही तोच दोरा होता, तेवढाच कुजलेला, आणि तो टिकला होता. त्यामुळे कुजला म्हणून गेला, एवढ्यावर मला थांबता येईना. भिंग घेऊन बसले.

तुटलेल्या जोडात पट्टीला काहीही झालेलं नव्हतं. वीण जागच्या जागी, कडा शाबूत. तुटला होता तो फक्त दोरा, आणि त्याच्या तुटण्याला एक क्रम होता. लूपची दोन पाती जिथे वेगळी होतात त्या बेचक्यात चौकोनाची आडवी ओळ होती. तिचे पाचही टाके एकाच रेषेत, कात्रीने कापावेत तसे गेलेले. तिथून पुढे फुलीचे टाके एकेक करून सुटलेले, आणि अगदी शेवटची आडवी ओळ तुटलीच नव्हती. तिच्यातून दोरा सरकून बाहेर आला होता, कारण टाका धावदोऱ्याचा होता आणि शेवटी एकच गाठ. चेन जशी एका टोकाने उघडत जाते तशी शिवण बेचक्याकडून उघडत गेली होती. शेवटच्या गाठीने शरणागती पत्करली तेव्हा मावसभाऊ पाचोळ्यात होता.

आता लूप मोजला. सपाट धरला तर लांबी ८ सेंटिमीटर. त्यातला दांडका ४ सेंटिमीटर जाडीचा. एवढ्याशा लूपमध्ये एवढा जाड दांडका घातला की पाती फाकतात. कागदावर काढून पाहिलं तर बेचक्याचा कोन ५५ अंशांच्या आसपास आला. कारखान्यात माल उचलायचे जे पॉलिस्टरचे सपाट पट्टे असतात (जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा, तेच ते), त्यांच्या युरोपीय नियमात या कोनाला २० अंशांची हद्द आहे, आणि लूप हा हुकाच्या जाडीच्या किमान साडेतीनपट लांब हवा असंही म्हटलंय. म्हणजे ४ सेंटिमीटरच्या दांडक्याला १४ सेंटिमीटरचा लूप लागला असता. इथे होता ८.

हा कोन एवढा महत्त्वाचा का, ते पट्टी हातात घेतली की समजतं. दुमडून शिवलेल्या जोडावरची ओढ एरवी पट्टीच्या लांबीच्या दिशेने असते. वरची पट्टी एकीकडे, खालची दुसरीकडे, आणि त्यांना जोडणारे सगळे टाके थोडं थोडं ओझं वाटून घेतात. पाती फाकली की मात्र ओढीचा काही भाग आडवा होतो आणि दोन पदर एकमेकांपासून सोलायला लागतो. सोलताना ओझं वाटलं जात नाही. ते सगळं पहिल्या ओळीवर येतं, ती गेली की दुसरीवर. पाकिटाला चिकटवलेलं तिकीट सरळ ओढून निघत नाही, कोपऱ्यातून उचललं तर निघतं, तसंच हे. मी सांगितलेल्या चौकोनाने नेमकी त्याच जागी पाच टाक्यांची एक आडवी ओळ उभी केली होती. पहिला मार खायला एवढीच माणसं.

किती मार, तेही काढता येतं. मावसभावाचं वजन ८५ किलो. त्याला हॅमॉक सैल आवडत नाही. "पाठीला कुबड येतं" म्हणून तो ताणून बांधतो. फोनमधल्या कोनमापकाने त्याला पुन्हा तसाच बांधून पट्ट्याचा आडव्याशी कोन मोजायला लावला. १२ अंश निघाला. एका पट्ट्यावरची ओढ म्हणजे वजनाचा निम्मा भाग भागिले त्या कोनाची साइन. ३० अंशांना हे गणित सोपं आहे: साइन अर्धा, म्हणून प्रत्येक पट्ट्यावर बरोबर माणसाच्या वजनाइतकी, म्हणजे ८५ किलोची ओढ. १२ अंशांना तीच ओढ २०० किलोंच्या वर जाते. तोच माणूस, तीच झाडं, नुसतं ताणून बांधल्यामुळे ओढ जवळपास अडीचपट. आणि त्यातली पन्नासेक किलो बेचकं फाडायच्या कामी लागलेली. दुसरा पट्टा वाचला तो त्याचा दांडका बारीक होता म्हणून. हे मला नंतर कळलं. दोन वेगवेगळ्या जाडीचे दांडके त्याने घेतले होते, कारण तेवढेच पडवीत सापडले.

थोडक्यात, सुती दोरा, धावदोरा, जाड दांडका, ताणलेला पट्टा आणि माझी चौकोन-फुली. यातली कुठलीही एक चूक त्या लूपने खपवून घेतली असती.

पट्टी कशाची होती?

दुकानदाराने नायलॉन म्हणून दिली होती. पुण्यात रविवार पेठेत काय किंवा चिपळूणला काय, बॅगेच्या सामानाच्या दुकानात प्रत्येक चकचकीत पट्टीला नायलॉनच म्हणतात. भाषेची सवय आहे ती, फसवणूकच असते असं नाही. मी दोन इंचांचा तुकडा कापला, पाण्याच्या पेल्यात टाकला, हवेचे बुडबुडे सुटावेत म्हणून साबणाचा एक थेंब सोडला आणि बोटाने दाबून बुडवला. तुकडा वर आला आणि तरंगत राहिला. नायलॉन पाण्यापेक्षा जड, पॉलिस्टर त्याहून जड, दोन्ही बुडतात. तरंगते ती पॉलिप्रॉपिलीन.

पॉलिप्रॉपिलीनला पिशवीच्या बंदासाठी नावं ठेवायचं कारण नाही. स्वस्त, हलकी, पाणी पीत नाही. पण ऊन तिला लवकर खातं, आणि ओझं टांगून ठेवलं तर ती हळूहळू लांबत जाते. या पट्टीवर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागत होती. म्हणजे दोरा टिकला असता तर पुढच्या एखाद्या वर्षी पट्टीनेच दगा दिला असता.

नायलॉन घ्यायचं का? मी नाही म्हटलं. नायलॉन चिवट, पण ओझ्याखाली ताणतो, ओला झाला की आणखी ताणतो आणि ताकदही थोडी गमावतो. रात्री झोपलेला माणूस सकाळी जमिनीला टेकतो. हॅमॉकला पॉलिस्टर बरं. कमी ताणतं, पाण्याने बिघडत नाही, उन्हालाही दोघांपेक्षा जास्त टिकतं.

पॉलिस्टर खात्रीने मिळायची एक सोपी जागा आहे, आणि ती बॅगेचं दुकान नाही. टेम्पो-ट्रकवाले माल आवळायला जो रॅचेटचा पट्टा वापरतात तो घ्यायचा. चांगल्या पट्ट्याला शिवलेलं लेबल असतं. लेबल निळं म्हणजे पॉलिस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर 'एलसी' या अक्षरांपुढे आकडा असतो, डेकान्यूटनमध्ये, म्हणजे ढोबळमानाने किलोंच्या ओढीत. आम्ही २५ मिलिमीटर रुंदीचा, निळ्या लेबलचा, ५०० एलसीचा पट्टा घेतला. ही वापराची हद्द. तुटायची हद्द त्याच्या दुपटीच्या वर असते. लेबल नसलेला पट्टा निम्म्या किमतीत समोरच लटकत होता. भाऊ त्याच्याकडे बघत होता. भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट आणू का, असंही त्याने विचारलं. तो पट्टा मुळात उत्तम असतो, पण त्याने आधी एखादा अपघात सोसला आहे का, बॅटरीचं ॲसिड चाखलं आहे का, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

टाक्यांचा हिशोब

शिवण्याआधी हिशोब. मावसभाऊ पुन्हा ताणून बांधणार, हे धरूनच चालले. शिवाय भाचरं उड्या मारणार. म्हणून वजन १४० किलो आणि कोन २० अंश धरला. एका पट्ट्यावर ओढ साधारण २०५ किलो. त्याच्या पाचपट, म्हणजे हजार किलोंपर्यंत शिवण तुटू नये, असं ठरवलं.

इथे लूपची रचना आपल्या बाजूने उभी राहते. लूपला दोन पाती असतात आणि ओढ दोघांत निम्मी निम्मी वाटली जाते. एक पातं म्हणजे सरळ पट्टाच, त्याला शिवणीची गरज नाही. दुमडून आलेलं दुसरं पातं तेवढं टाक्यांवर अवलंबून. म्हणून पट्ट्यावर हजार किलो आले तरी शिवणीवर पाचशेच येतात.

दोरा घेतला तो बाँडेड पॉलिस्टर, टिकिट नंबर (म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा क्रमांक) २०. बूट आणि सोफ्याच्या कामाला वापरतात तो. किती धरतो हे रिळावर छापलेलं नव्हतं, म्हणून घरीच पाहिलं. दोऱ्याची दोन्ही टोकं गाठ न मारता पेन्सिलीवर सात-आठ वेढे घेऊन पक्की केली (गाठ मारली तर तो गाठीशीच तुटतो आणि मोजमाप फसतं), खाली कॅन लटकवला आणि तांब्याने पाणी ओतत गेले. ९ आणि १० किलोंच्या मध्ये कुठेतरी टण्णकन तुटला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथेच. पण शिवणीत दोरा भोकाच्या काठावर काटकोनात वळतो, घासतो, सगळे टाके सारखे आवळलेले नसतात. म्हणून निम्मीच ताकद धरली: ५ किलो.

टाका दोन सुयांचा. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, समोरासमोरून. खोगीर आणि लगाम शिवणाऱ्यांचा हा टाका. आपल्याकडे जीन शिवणारे ते जीनगर. यात प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो, म्हणून भोकामागे १० किलो. मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की दुसरा मोकळा. इथे एक टाका तुटला तरी शेजारचे आपापल्या जागी बसून राहतात.

पाचशे किलोंना पन्नास भोकं पुरतात. मी पाच उभ्या ओळी घेतल्या, प्रत्येकीत चौदा भोकं, दोन भोकांत ४ मिलिमीटर. एकूण सत्तर. आडवी ओळ एकही नाही, फुली नाही. सगळे टाके ओढीच्या दिशेला.

शिवताना

पट्टी गरम सुरीने कापली, म्हणजे टोक वितळून बंद होतं. वितळलेल्या टोकाचे कोपरे सुरीसारखे धारदार होतात, ते आधी कानशीने मोडले. लूप सपाट १२ सेंटिमीटर, जोड साडेसहा. दांडक्याला रजा दिली, त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातलं १० मिलिमीटरचं डी-शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी. त्याने बेचक्याचा कोन पाच-सहा अंशांवर आला. एवढी एकच दुरुस्ती केली असती आणि बाकी सगळं तसंच ठेवलं असतं, तरी बहुधा तो पडला नसता.

शिंप्याच्या खडूने पाच रेषा आखल्या, जोड दोन काळ्या क्लिपांनी घट्ट पकडला. भोकं करायला गोल टोकाचा टोच्या. मोच्याची आरी किंवा चामड्याची चपट्या पात्याची हत्यारं इथे नकोत. ती वीण कापतात, टोच्या धागे बाजूला सारतो. टोच्या काढला की भोक पुन्हा मिटायला लागतं, म्हणून एक भोक, एक टाका, असंच जावं लागतं. भावाने आधीच्या वेळी सुई मेणबत्तीवर लाल करून भोकं पाडली होती. काम झटपट होतं, पण प्रत्येक भोकाभोवती काचेसारखी कडक कडा तयार होते. ती दोऱ्याला कापते, आणि तेवढे पट्टीचे धागे कायमचे गेलेले असतात.

पहिला टाका बेचक्यात. दोरा अर्ध्यावर. डावीकडची सुई आधी, ती ओढून घेतली, मग त्याच भोकातून उजवीकडची. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पहिल्या लूपवर सगळेच तिथे चुकतात. दुसरी सुई जाताना आधीच्या दोऱ्यातूनच आरपार जाते. कळत नाही, टाका दिसतोही छान, पण दोरा मधोमध चिरलेला असतो आणि मागे ओढून आवळताच येत नाही. म्हणून दुसरी सुई घालताना पहिला दोरा हाताने थोडा मागेपुढे हलवत राहायचं. तो मोकळा हलला तर सुई बाजूने गेली. अडला तर सुई परत काढायची. मग दोन्ही हातांनी आवळायचं. किती? दोरा पट्टीत किंचित रुतून बसेल, खड्डा दिसेल, पण पट्टीची कड वाकडी होणार नाही, एवढं. जोर दाखवायला गेलं तर दोरा पट्टीला आणि पट्टी दोऱ्याला कापते.

चौदावं भोक झालं की दोरा न तोडता शेजारच्या ओळीत. अशा पाचही ओळी एकाच सलग दोऱ्याने. दोन मीटर दोरा लागतो, सुरुवातीला फार वाटतो आणि शेवटी जेमतेम पुरतो. संपवताना आल्या वाटेने चार टाके मागे, मग कापून टोकाला लायटरची नुसती ऊब. ज्योत पट्टीला लागता कामा नये. गाठ कुठेच नाही.

दोरा मुद्दाम पांढरा घेतला, पट्टी केशरी. भाऊ म्हणाला, रंग जुळत नाही. जुळायला नकोच आहे. एखादा टाका तुटला तर दोन हातांवरून दिसला पाहिजे.

दोन लूपना माझे साडेतीन तास गेले. मी एक तिसराही शिवला, त्याचं कारण पुढे येतंच आहे. सुई ओढायला पक्कड लागली आणि करंगळीच्या सांध्यावर दोऱ्याचा कातरा पडला तो आठवडाभर होता. चिकटपट्टी आधी गुंडाळायची असते, हे मला माहीत असून दरवेळी आठवतं ते रक्त आल्यावर.

पाण्याचे कॅन

डिसेंबरात गुहागरला गेले. ओढ मोजायचा काटा आमच्याकडे नव्हता. पण ज्या गणिताने भाऊ पडला, तेच उलटं वापरता येतं. पट्टा जितका आडवा, तितकी ओढ जास्त. म्हणून दोन झाडांमध्ये दोन्ही पट्टे ताणून मध्यभागी शॅकलने जोडले आणि त्या मधल्या शॅकलला पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन लटकवले, जमिनीपासून वीतभर वर. झाडाकडच्या टोकाला खोडाभोवती तीन वेढे, मग गाठ. वेढ्यांच्या घर्षणामुळे गाठीपर्यंत ओढ फार थोडी पोचते. खोडाच्या सालीला काच पडू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी. पट्ट्यांवर जुनी गोधडी टाकली, तुटलाच तर शॅकल उडून कुणाच्या तोंडावर येऊ नये म्हणून. मुलांना ओटीवर पाठवलं. मावशी मात्र दारात उभी.

ओझं बसल्यावर कोन मोजला: ८ अंश. ८० किलो, ८ अंश, म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर २८७ किलोंच्या आसपास. ज्या ओढीला जुना लूप गेला तिच्या बरीच वर, आणि ३० अंशांवर शहाण्यासारखं बांधलं तर येणाऱ्या ओढीच्या तिपटीहून जास्त. तासभर तसंच ठेवलं. उतरवून भिंगाने पाहिलं: बेचक्यातल्या पहिल्या पाच भोकांचा आकार गोलाचा किंचित लांबट झाला होता. बाकी काही नाही.

मग तिसरा लूप, बळीचा बकरा. तो एका बाजूला लावला, आणि दर वेळी ओझं उतरवून ब्लेडने एकेक उभी ओळ कापत गेलो. चार ओळींवर काही नाही. तीन, काही नाही. दोन ओळींवर बेचकं उघडू लागलेलं दिसलं, पण धरलं. मधली एकच ओळ उरली, चौदा भोकं. चौथा कॅन टांगून मी मागे सरले आणि दहा-बारा सेकंदांत तड-तड-तड करत ती बेचक्याकडून शेवटापर्यंत गेली. मावशी म्हणाली, "पापड मोडल्यासारखा आवाज आला." माझ्या हिशोबाने चौदा भोकं १४० किलो धरायला हवी होती. शिवणीवर आलेली ओढ २८७ च्या निम्मी, म्हणजे १४४. आकडे इतके जवळ आले हा योगायोगच म्हणायचा, आणि एका नमुन्यावरून कसला सिद्धान्त मांडायचा नसतो. पण पाच ओळींपैकी तीन गेल्यावरही लूप टिकून होता, एवढं त्या दिवशी भावाने डोळ्यांनी पाहिलं.

त्याच उत्साहात त्याने विचारलं, "ताई, मग क्लाइंबिंगच्या स्लिंगा, ते कड्यावर अडकवायचे पट्ट्याचे फेरे, ते पण शिवून देशील का?" हा लिंगाणा, तैलबैलाचे कडे चढणाऱ्यांच्यात उठबस असलेला मुलगा. मी सरळ नाही म्हटलं. चढाईची शिवलेली स्लिंग २२ किलोन्यूटनला, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपासच्या ओढीला उतरलेली असते, मशीनच्या दाट टाक्यांनी शिवलेली, ठरल्या पद्धतीने तपासलेली. माझ्याकडे आहेत चार कॅन आणि एक मावशी. दीड फुटावरून पडण्याची जबाबदारी मी घेऊ शकते, दीडशे फुटांवरून नाही. कारखान्याची स्लिंग नसेल तर टेपला, म्हणजे चढाईच्या पट्टीला, टेप नॉट ही गाठ मारावी, शेपट्या चांगल्या आठ-दहा सेंटिमीटर ठेवाव्यात आणि दर वेळी चढण्याआधी गाठ बघावी. गाठ ताकद खाते, पण ती उघडी असते, तपासता येते.

आणि तपासणं हा वेगळाच विषय आहे. २००६ साली अमेरिकेत योसेमिटीच्या लीनिंग टॉवरवर टॉड स्किनर हा नामांकित गिर्यारोहक गेला तो हार्नेसचा (चढताना कमरेला घालायच्या पट्ट्याचा) बिले लूप, म्हणजे पुढचा शिवलेला फासा, तुटून. लूप झिजला होता, त्याला ते ठाऊक होतं, नवा हार्नेस त्याने मागवलाही होता. मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "पट्टे जूनमध्ये काढायचे ना?"

आता ते जूनमध्ये निघतात. लूपजवळ कापडाची चिंधी शिवली आहे, तिच्यावर शिवल्याचा महिना आणि साल मार्करने लिहिलंय. चिंधीवर, पट्टीवर नाही. मार्करच्या शाईवर माझा विश्वास नाही. माजघरातल्या खुंटीवर, मिरच्यांच्या पिशवीशेजारी, पट्टे चार महिने टांगलेले असतात. पावसाळा उलटला की झाडावर चढवण्याआधी दोन्ही बेचक्यांचा फोटो मला येतो. गेल्या वर्षीच्या फोटोत डाव्या लूपवर, तिसऱ्या ओळीत, एक पांढरा टाका केसाळ झाला होता. शॅकलची पिन उलटी बसवली होती आणि तिचं डोकं तिथे घासत होतं. पिन फिरवायला सांगितली, टाका तसाच राहू दिला. यंदाच्या फोटोत तो तेवढाच केसाळ आहे.